डार्कनेटचा बाजार उठला, तो कसा?

२० जुलै २०१७ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने युरोपोल आणि डच पोलिसांच्या साथीने जाहीर केले की, डार्कनेटवरचे, म्हणजे ‘टोर’सारख्या ओळख लपवणाऱ्या साधनांतूनच पोहोचता येणाऱ्या इंटरनेटच्या भागातले ‘अल्फाबे’ आणि ‘हान्सा’ हे दोन बाजार बंद पाडण्यात आले आहेत. अल्फाबे हा त्या वेळी जगातला सर्वांत मोठा बेकायदा ऑनलाइन बाजार होता. त्याचे ग्राहक दोन लाखांवर, विक्रेते चाळीस हजार आणि अमली पदार्थ व विषारी रसायनांच्याच जाहिराती अडीच लाखांहून जास्त होत्या. शिवाय चोरलेली ओळखपत्रे, बँक कार्डांचे तपशील, संगणक पोखरणारी सॉफ्टवेअर आणि शस्त्रेही तिथे मिळत. त्या दिवशीच्या घोषणेत या बाजारांतून आलेल्या द्रव्यांच्या ओव्हरडोसने गेलेल्या तरुण मुलांचा उल्लेख होता, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. या बाजारांनी माणसे मारली आहेत. मात्र अशी प्रत्येक कारवाई झाली की पाठोपाठ एक मागणी पुढे येते: इंटरनेटवर ओळख लपवू देणारी साधनेच बंद करा, किमान ती वापरणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवा. भारतात ही मागणी संसदीय समितीच्या अहवालात आली आणि पुढे नियमांतही उतरली. माझे म्हणणे असे की, या कारवायांचा तपशील नीट वाचला तर निघणारा निष्कर्ष या मागणीच्या थेट विरुद्ध आहे. हे बाजार उठले ते सर्वांची ओळख उघडी पाडून नव्हे. ठरावीक संशयितांच्या मागे वर्षानुवर्षे चिकाटीने लागलेल्या तपासामुळे ते उठले.

ज्या साधनावर आरोप होतो, ते आधी समजून घेऊ. ‘टोर’चे मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या संशोधकांना प्रश्न पडला होता की, परक्या देशात बसलेल्या आपल्या माणसाने आपल्याच सरकारी सर्व्हरशी संपर्क साधला, तर तेवढ्यावरूनच त्याची ओळख फुटते. ती फुटू न देता संदेश कसा पोहोचवायचा? त्यांचे उत्तर म्हणजे लिफाफ्यात लिफाफा, त्यात आणखी एक लिफाफा. संदेश तीन वेगवेगळ्या संगणकांवरून जातो. प्रत्येक संगणक एकच लिफाफा उघडतो आणि त्याला फक्त मागचा व पुढचा टप्पा कळतो. पहिल्याला पाठवणारा ठाऊक असतो पण मुक्काम ठाऊक नसतो, तर शेवटच्याला नेमके याच्या उलट. ही व्यवस्था केवळ नौदलानेच वापरली असती, तर तिच्यातून येणारा प्रत्येक माणूस नौदलाचाच, हे उघड झाले असते. म्हणून ती २००२ पासून जगाला खुली झाली. गर्दी हवी, त्याशिवाय लपता येत नाही, हे या तंत्राचे मूळ गणित आहे. आज जगभरातले हजारो स्वयंसेवक आपापले संगणक त्यासाठी चालवतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१७ मध्ये आणि बीबीसीने २०१९ मध्ये टोरवर आपल्या बातम्यांचे स्वतंत्र पत्ते सुरू केले, कारण जिथे त्यांची संकेतस्थळे सरकारे अडवतात, तिथल्या वाचकाला दुसरी वाट नव्हती. अमेरिकेच्या सीआयएनेही २०१९ मध्ये तसेच केले. एकाच रस्त्यावरून वार्ताहर, हेर, मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई आणि अमली पदार्थांचा दलाल जातो, ही अडचण खरी आहे. प्रश्न एवढाच की, दलाल पकडायला रस्ता खणावा लागतो का?

अल्फाबेचा चालक अलेक्झांडर काझ हा कॅनडातला तरुण होता आणि बँकॉकमध्ये आलिशान घरे, महागड्या गाड्या असा थाट करून राहत होता. त्याचा माग लागला तो एका ईमेल पत्त्यावरून. डिसेंबर २०१४ मध्ये बाजार सुरू झाला, तेव्हा नव्या सभासदांना आपोआप जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये त्याचा स्वतःचा हॉटमेलचा पत्ता राहून गेला होता. तो नंतर काढून टाकला, पण जुने ईमेल कुणाकडे तरी उरतातच. तोच पत्ता त्याने काही वर्षांपूर्वी संगणकविषयक चर्चेत खऱ्या नावासह वापरला होता. ५ जुलै २०१७ च्या सकाळी थाई पोलिसांनी त्याच्या घराच्या फाटकावर गाडी आदळवली, आणि हा अपघात समजून तो बाहेर आला. आत त्याचा लॅपटॉप उघडा होता आणि तो अल्फाबेच्या चालक खात्यातून काम करत होता. पासवर्ड होते, मालमत्तेची त्याने स्वतः करून ठेवलेली यादीही होती. एका आठवड्यात तो बँकॉकच्या कोठडीत मृतावस्थेत सापडला, त्यामुळे त्याच्यावर खटला कधीच चालला नाही. या सगळ्या घटनाक्रमात टोर फोडल्याचा टप्पा कुठेच आढळत नाही. जुना ईमेल, अनेक देशांच्या यंत्रणांमधला समन्वय, पैशाचा माग आणि फाटकावर आदळलेली एक गाडी, एवढ्यावर तो बाजार बसला.

हान्साची कहाणी याहून बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण पोलिसांनी इथे बाजार बंद करण्याआधी तो चालवला. २०१६ मध्ये एका सुरक्षा कंपनीकडून डच पोलिसांना खबर लागली की, हान्साचा चाचणीसाठीचा सर्व्हर नेदरलँड्समध्येच उघड्यावर राहिला आहे. त्याची प्रत काढल्यावर चालकांची आपसातली जुनी संभाषणे मिळाली, त्यांतून दोन जर्मन माणसे पुढे आली. मग बाजाराचे सर्व्हर अचानक हलवले गेले आणि धागा तुटला. पुढे सर्व्हरच्या भाड्यापोटी बिटकॉइनमध्ये केलेल्या रकमेवरून ते लिथुआनियात असल्याचे कळले. याच दोघांची जर्मनीत ई-पुस्तकांच्या चोरट्या विक्रीसाठी वेगळी चौकशी चालू होती. त्या प्रकरणाच्या आडून २० जून २०१७ ला त्यांना अटक झाली आणि बाजार डच पोलिसांच्या हाती आला, ग्राहकांना पत्ता न लागता. पुढचे सत्तावीस दिवस तो पोलिसांनी सरकारी वकिलांच्या परवानगीने चालवला. एरवी संरक्षित रूपात साठणारे पासवर्ड त्यांनी जसेच्या तसे टिपून घेतले. खरेदीदाराने विक्रेत्याला पाठवलेला घरचा पत्ता कूटबद्ध होण्याआधीच नोंदवला. छायाचित्रांतली, ती कुठे काढली याची माहिती पुसणारी सोय बंद केली, मग तांत्रिक बिघाडाची बतावणी करून सर्व छायाचित्रे उडवली. विक्रेत्यांनी ती पुन्हा चढवली आणि पन्नासाहून अधिक ठिकाणे उघडी पडली. अल्फाबे बंद होताच तिथले गिऱ्हाईक लोंढ्याने हान्साकडे आले, तेही याच जाळ्यात. फेंटॅनिलची विक्री मात्र पोलिसांनी त्या काळात बंद केली, कारण त्याची किंचितशी मात्राही प्राणघातक ठरते. नेदरलँड्सबाहेरचे सुमारे दहा हजार पत्ते युरोपोलकडे पोहोचले.

इतर प्रकरणे पाहिली तरी चित्र फारसे बदलत नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘सिल्क रोड’चा चालक रॉस अल्ब्रिक्ट सापडण्यात अमेरिकी कर खात्याच्या एका अधिकाऱ्याने गूगलवर केलेल्या शोधाचा मोठा वाटा होता. बाजाराची अगदी पहिली जाहिरात करणाऱ्या टोपणनावाने पुढे दुसऱ्या एका विषयावर लिहिताना खरे नाव असलेला ईमेल दिला होता. १ ऑक्टोबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात त्याला पकडले, तेव्हा दोन साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी शेजारी भांडणाचे नाटक केले, म्हणजे लॅपटॉप बंद करायला त्याला वेळ मिळू नये. जर्मनीतून चालणाऱ्या ‘वॉल स्ट्रीट मार्केट’च्या एका चालकाचे व्हीपीएन (खरा इंटरनेट पत्ता लपवणारी सेवा) अधूनमधून तुटत असे आणि तरीही तो काम चालूच ठेवी, तेवढ्या फटीतून २०१९ मध्ये पोलिस पोहोचले. बिटकॉइनला लोक गुप्त चलन समजतात, पण त्याचा प्रत्येक व्यवहार एका सार्वजनिक वहीत कायमचा नोंदलेला असतो. २०१२ मध्ये सिल्क रोडमधून पन्नास हजारांवर बिटकॉइन लांबवणाऱ्याच्या घरापर्यंत अमेरिकी अधिकारी नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, पोहोचले. जॉर्जिया राज्यातल्या त्या घरात पॉपकॉर्नच्या डब्यात ठेवलेल्या छोट्या संगणकात ती संपत्ती होती. आपल्याकडचे उदाहरणही याच मालिकेतले आहे. उत्तराखंडातल्या हल्द्वानीच्या एका रहिवाशाने सिल्क रोड, अल्फाबे आणि हान्सावरून अमेरिकेत अमली पदार्थ विकले. २०१९ मध्ये तो लंडनमध्ये पकडला गेला, २०२३ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि पुढच्या वर्षी गुन्हा कबूल करताना सुमारे पंधरा कोटी डॉलरची आभासी चलने त्याने जप्तीसाठी सोडली.

यावर पहिला आक्षेप ठोस आहे: पकडले गेलेत ते गाफील, जे सावध आहेत त्यांची गणती आपल्याकडे नाही, आणि फसलेल्यांच्या यादीवरून साधनाला निर्दोष ठरवता येत नाही. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. एकट्याने, थोडा काळ, काटेकोर शिस्तीने टोर वापरणारा माणूस सापडणे अतिशय कठीण असते. पण बाजार हा एकट्याचा खेळ नसतो. चरस असो वा रसायन, माल कुणीतरी प्रत्यक्ष बांधतो, तो टपालाने किंवा कुरिअरने जातो, कस्टम्सच्या हातातून जातो, आणि शेवटी खऱ्या पत्त्यावर पोहोचतो. पैसा कधी ना कधी रुपयांत, डॉलरांत, घरात, गाडीत उतरवावा लागतो. विश्वास बसावा म्हणून विक्रेत्याला तेच नाव वर्षानुवर्षे चालवावे लागते, आणि जितके नाव जुने तितक्या चुका साठतात. हजारो अनोळखी लोकांशी रोज व्यवहार करणाऱ्याला कायमचे अदृश्य राहता येत नाही. ज्या गुन्ह्याला बाजार लागतो, त्याला हे सगळे टप्पे लागतात, आणि तिथे टोर कामाला येत नाही. शिवाय टोर अभेद्य आहे असेही नाही. २०१४ च्या सुरुवातीला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेतल्या संशोधकांनी त्यातल्या त्रुटीवर प्रयोग केले आणि न्यायालयीन आदेशाने ती माहिती एफबीआयकडे गेली, हे पुढे अमेरिकी न्यायालयात नोंदले गेले. जर्मन पोलिसांनी लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे पसरवणाऱ्यांविरुद्ध टोरमधले काही संगणक महिनोन्‌महिने निरखून, संदेशांच्या वेळा जुळवून संशयितांपर्यंत वाट काढल्याचे २०२४ मध्ये उजेडात आले. म्हणजे पुरेशा साधनसामग्रीचा पोलिस विभाग एका संशयितापुरते हे कवच भेदू शकतो. त्याला न जमणारी गोष्ट एकच: कोट्यवधी लोकांवर एकाच वेळी, स्वस्तात नजर ठेवणे. ती अडचण तशीच राहावी, यातच लोकशाहीचे हित आहे.

दुसरा आक्षेप असा की, एक बाजार उठला की दुसरा बसतो. हेही खरे आहे. नोव्हेंबर २०१४ च्या ‘ऑपरेशन ऑनिमस’मध्ये सिल्क रोडची दुसरी आवृत्ती आणि इतर अनेक ठिकाणे बंद झाली, तरी काही महिन्यांतच व्यापार पूर्वपदावर आला. अल्फाबे स्वतःच २०२१ मध्ये जुन्या साथीदाराच्या हातून पुन्हा उघडला. जून २०२५ मध्ये ‘आर्केटिप’ नावाचा बाजार बंद झाला, तेव्हा त्याचे वापरकर्ते सहा लाखांवर होते. पण बाजार पुन्हा उगवतात म्हणून साधनांवरच बंदी घाला, हे अनुमान कसोटीला उतरत नाही. आणि ही कसोटी एका मोठ्या देशाने सगळ्या जगासमोर देऊन झाली आहे. रशियाने नोव्हेंबर २०१७ पासून व्हीपीएन आणि ओळख लपवणाऱ्या सेवांवर निर्बंध घालणारा कायदा लागू केला, डिसेंबर २०२१ मध्ये टोरही अडवले. याच वर्षांत रशियन भाषेतला ‘हायड्रा’ वाढत वाढत जगातला सर्वांत मोठा डार्कनेट बाजार झाला. जर्मन पोलिसांच्या माहितीनुसार त्यावर सुमारे एक कोटी सत्तर लाख ग्राहक खाती आणि एकोणीस हजारांवर विक्रेता खाती होती. रशियातल्या गावोगावी बागेत, जिन्याखाली, भिंतीच्या फटीत माल पुरून ठेवायची आणि ग्राहकाला जागा कळवायची त्याची पद्धत होती. ज्या देशात सामान्य वाचकाला बातमी वाचण्यासाठी निनावी राहणे कठीण झाले, तिथे दलालाला ते कठीण गेले नाही. एप्रिल २०२२ मध्ये हायड्रा बंद झाला तो जर्मनीत, कारण त्याचे सर्व्हर तिथे असल्याचे जर्मन केंद्रीय पोलिसांनी महिनोन्‌महिने तपास करून शोधले होते. बंदीचा कायदा एका देशात होता, यश दुसऱ्या देशाच्या तपासाला आले.

उलट हान्सासारख्या कारवाईने काय साधते, याचाही अभ्यास झाला आहे. आधीच्या बंदींनंतर विक्रेते तेच नाव, तीच पत घेऊन दुसऱ्या बाजारात बस्तान बसवत. हान्सामधून पळालेल्यांची वागणूक मात्र वेगळी निघाली, असे डच संशोधकांना आढळले: अनेकांनी नावे टाकली, संदेश संरक्षित करणाऱ्या किल्ल्या बदलल्या, कमावलेली पत सोडून नव्याने सुरुवात केली. आपण ज्या दुकानात उभे आहोत ते पोलिसांचे तर नाही ना, ही शंका एकदा शिरली की या धंद्याचा पाया खचतो, कारण तिथे तक्रार घेऊन जायला न्यायालय नसते. हे परिणाम कायमचे आहेत असा माझा दावा नाही. पण पोलिसांच्या हाती जे सर्वांत परिणामकारक हत्यार आजवर लागले, ते नेमक्या जागी घातलेल्या सापळ्याचे होते, हे मात्र नोंदवावेच लागेल.

आता आपल्याकडे पाहू. २०२१ मध्ये गृह खात्याशी संबंधित संसदीय स्थायी समितीने व्हीपीएन आणि डार्क वेबचा धोका सांगत देशात व्हीपीएन कायमचे रोखण्याची शिफारस केली. ती तशीच्या तशी अंमलात आली नाही. पण २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने निर्देश काढले की, व्हीपीएन देणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन, त्याला दिलेला आयपी पत्ता आणि सेवा घेण्याचे कारणसुद्धा पाच वर्षे जपून ठेवावे, ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही. परिणाम काय झाला? एक्सप्रेस-व्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन अशा नामांकित कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर उचलले आणि सिंगापूर, ब्रिटन अशा ठिकाणांहून भारतीय पत्ता देणे सुरू केले. जी यंत्रे कालपर्यंत भारतीय न्यायालयाच्या कक्षेत होती, ती बाहेर गेली. टोरला तर हा नियम लावताही येत नाही, कारण तिथे नोंद ठेवणारी कंपनीच नाही. मग नियमाच्या जाळ्यात उरले कोण? नियम पाळणारी भारतीय कंपनी आणि तिचा साधा ग्राहक. अमली पदार्थांच्या विक्रेत्याने त्या वर्षी आपली सवय बदलली असेल, असे मानायला काही आधार नाही. कोचीतून चालणाऱ्या ‘केटामेलॉन’ नावाच्या मोठ्या विक्रेत्याला अमली पदार्थ नियंत्रण विभागाने २०२५ मध्ये पकडले, तेव्हाही परदेशातून टपालाने आलेली पाकिटे आणि अनेक महिन्यांची पाळत हीच कामी आली.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: ज्याचे वागणे सरळ आहे, त्याला लपवायचे काय? याला उत्तर द्यायला परदेशात जाण्याची गरज नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी अटक झाली; एकीने तो लिहिला होता, दुसरीने पसंत केला होता. मजकूर मुंबई बंदबद्दलचा एक साधा अभिप्राय होता. त्यांना अडकवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले, आणि तरीही त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचे कळल्यावर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला धक्का व्यक्त करावा लागला. सरळ वागणे म्हणजे काय, हे ठरवणारा त्या क्षणी ठाण्यातला अधिकारी असतो. राज्यघटना त्याच्या मागून, काही वर्षांनी येते. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या खात्यातून त्या खात्यात फिरले. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीतून झाल्याचे म्हटले आणि न्यायालयाने त्यानुसार शिक्षा दिली, हे नमूद केले पाहिजे. पण नाव गुप्त ठेवण्याची मागणी सरकारनेच पाळली नाही, हे कुणी नाकारलेले नाही. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून, स्वतःच्या नावानिशी उघड करत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांना मारले गेले. अशा माणसांना उद्या कागदपत्रे वार्ताहरापर्यंत पोहोचवायची असतील, तर ओळख न फुटणारी वाट लागेल, आणि ती वाट सरकारच्या कृपेवर अवलंबून असता कामा नये. जगातल्या अनेक वृत्तपत्रांनी कागदपत्रे स्वीकारण्यासाठी ‘सिक्युअरड्रॉप’ ही टोरवर चालणारी सोय उभारली आहे ती याच गरजेतून.

सर्वांत अवघड आक्षेप मी शेवटी घेतो, कारण त्यापुढे तत्त्वाच्या गोष्टी बोलताना जीभ जड होते. लहान मुलांचे लैंगिक शोषण करून त्याच्या चित्रफिती विकणारे याच जाळ्यात बसतात. ‘या मुलांसाठी तरी निनावीपणा संपवा’ असे कुणी म्हटले तर त्याच्या हेतूवर शंका घेणे अन्यायाचे ठरेल. पण इथेही मुले कशी सुटली ते पाहावे. दक्षिण कोरियातून चालणाऱ्या ‘वेलकम टू व्हिडिओ’ या ठिकाणाच्या पानाच्या मूळ संकेतामध्येच सर्व्हरचा खरा पत्ता दिसत होता, आणि पैसे देणाऱ्यांचा माग बिटकॉइनच्या सार्वजनिक वहीतून लागला. २०१९ मध्ये कारवाई जाहीर झाली तेव्हा अनेक देशांत मिळून ३३७ जणांना अटक आणि किमान २३ मुलांची सुटका झाली होती. या यशासाठी टोर वापरणाऱ्या बाकी लाखोंची नोंदवही कुणाला लागली नाही. लागले ते प्रशिक्षित तपासनीस, पैशाचा माग काढणारे विश्लेषक आणि देशादेशांतले सहकार्य. आपल्या सायबर पोलिस ठाण्यांत नेमकी याचीच वानवा आहे, आणि ती भरून काढायला पैसा व वर्षे लागतात. सरसकट नोंदींचा आदेश काढायला फक्त एक सही लागते, म्हणून सरकारांना तो मार्ग जवळचा वाटतो.

सापळ्याची बाजू घेताना त्याची किंमतही मांडली पाहिजे. २०१५ मध्ये एफबीआयने ‘प्लेपेन’ हे बालशोषणाचे ठिकाण ताब्यात घेऊन सुमारे दोन आठवडे स्वतः चालवले आणि एकाच न्यायाधीशाच्या एकाच वॉरंटवर जगभरातल्या हजारो संगणकांत शिरकाव केला. त्या काळात चित्रफिती पसरतच राहिल्या. काही न्यायालयांनी ते वॉरंट अवैध ठरवले. आपले तंत्र उघड करावे लागू नये म्हणून सरकारने एखादा खटला सोडूनही दिला, म्हणजे आरोपी मोकळा झाला. सिल्क रोडच्या तपासातल्या दोन अधिकाऱ्यांनी, एक अमली पदार्थविरोधी विभागातला आणि एक सीक्रेट सर्व्हिसमधला, तपासाच्या आडून लाखो डॉलरचे बिटकॉइन स्वतःच्या खिशात घातले आणि दोघांनाही २०१५ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. निनावी राहून अधिकार वापरणारा पोलिसही बिघडू शकतो. म्हणून ही शक्ती न्यायालयाच्या परवानगीने, ठरावीक मुदतीत, लेखी हिशेबासह वापरली गेली पाहिजे. हान्सामधल्या फेंटॅनिलबंदीसारखे निर्णय अधिकाऱ्याच्या सद्‌बुद्धीवर सोडून चालणार नाही, ते कायद्यात लिहिलेले हवेत.

भारतात हे लिहिलेले नाही. संशयित माल नजरेखाली पुढे जाऊ देऊन शेवटच्या माणसापर्यंत पोहोचण्याची तरतूद अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ५०अ मध्ये आहे, पण पोलिसांनी एखादा ऑनलाइन बाजार चालवावा की नाही, कुणाच्या परवानगीने आणि किती दिवस, याचा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली पाळतीची परवानगी गृहसचिव देतात, न्यायाधीश देत नाहीत. हान्सा बंद झाल्यावर पाच आठवड्यांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावरच्या बंधनाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणशीरपणा लागेल असे सांगितले. एका गुन्हेगारासाठी लाखो ग्राहकांची पाच वर्षांची नोंद या कसोटीवर टिकत नाही. ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन ग्राहकांच्या नोंदींचे ते कलम मागे घ्यावे. संसदेने छुप्या ऑनलाइन कारवायांसाठी न्यायालयीन परवानगीचा कायदा करावा, आणि महाराष्ट्रासह सर्व राज्यांनी आभासी चलनाचा माग काढणारे तपासनीस घडवण्यावर खर्च करावा. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला याबद्दल विचारताना वाचकांनी आणखी एक प्रश्न विचारावा. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने मंजूर केला आणि मे २०१४ मध्ये त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यातही तक्रारदाराने नाव न दिल्यास तक्रार घेऊ नये अशी अट आहे. आणि तो कायदा अजून लागूच झालेला नाही.